आभासी जगात एक नवखा



व्याख्यानमालेची आपल्याकडे जुनी परंपरा आहे. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली, आणि पुढे गावोगावी अशा माला सुरू झाल्या. मी स्वतः यवतमाळ, दारव्हा, पुसद, वणी अशी बरीच भाषणं ठोकली आहेत. समोर सतरंजीवर माणसं, डोक्यावर कुरकुरणारा पंखा आणि शेवटी चहा, असा सगळा थाट. आज माझ्यासमोर फक्त लॅपटॉप आहे. तुम्ही मला दिसत नाही. कोणी जांभई दिली तर कळत नाही, आणि वक्त्याच्या दृष्टीने ही सोय काही वाईट नाही. पण तुम्ही तिथे आहात असं मी गृहीत धरलंय, आणि मी खरा आहे असं तुम्ही. आजचा विषय इथूनच सुरू होतो.

विषय आहे आभासी जगांचा. इंटरनेटवर जी जगं उभी केलेली असतात, जिथे माणूस एखादं रूप घेऊन शिरतो, हिंडतो, घर बांधतो, भांडतो, मैत्री करतो, त्या जगांचा. मी संगणकाचा माणूस नाही. आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं. दरवर्षी जुलैत नवी मुलं यायची आणि दरवर्षी मी त्यांना दोरीवर भासणारा साप सांगायचो. तेव्हा मी इथे नवखा म्हणूनच बोलणार आहे. चूक झाली तर तरुण मंडळींनी सांभाळून घ्यावं.

आधी एक कबुली देतो, कारण तिच्यामुळेच मी या वाटेला लागलो.

२०२० मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा माझा नातू बारा वर्षांचा होता. पुण्यात, तिसऱ्या मजल्यावर अडकलेला. त्याला माइनक्राफ्ट नावाचा खेळ मिळाला. खेळ म्हणजे काय, तर एक अफाट मोकळं जग. डोंगर, नद्या, जंगल, सगळं चौकोनी ठोकळ्यांचं. ठोकळे फोडायचे, गोळा करायचे आणि त्यातून हवं ते बांधायचं. तिथे त्याला एक मित्र मिळाला. तो आसामातला, एवढंच माहीत. नाव माहीत नाही, आडनाव माहीत नाही, फक्त खेळातलं टोपणनाव. वर्षभर दोघांनी रोज संध्याकाळी मिळून एक गाव बांधलं. मग २०२१ च्या मे महिन्यात, दुसऱ्या लाटेत, तो मुलगा यायचा बंद झाला. एक दिवस, आठ दिवस, महिना. नातू जेवेना. मी फोनवर त्याला म्हणालो, ‘अरे, खेळातला मित्र तो. खरा थोडाच होता? दुसरा मिळेल.’

तो गप्प राहिला. मग म्हणाला, ‘बरं आबा.’ आणि त्यानंतर जवळजवळ वर्षभर त्याने मला त्या जगातलं काहीही सांगितलं नाही.

चाळीस वर्षं ‘सत् म्हणजे काय’ हा प्रश्न शिकवणाऱ्या माणसाने ‘खरा थोडाच होता’ हे वाक्य इतक्या सहज उच्चारावं, याची मला नंतर लाज वाटू लागली. म्हणून मी वाचायला बसलो. त्या वाचनाचा थोडा हिशोब आज देतो.

या जगांत माणूस जे रूप घेतो त्याला इंग्रजीतसुद्धा ‘अवतार’च म्हणतात. शब्द आपला, गेला संस्कृतातून. १९८५ साली ‘अल्टिमा’ नावाच्या संगणक खेळाच्या चौथ्या भागात तो आला. १९८६ साली अमेरिकेत लुकासफिल्म कंपनीने ‘हॅबिटॅट’ नावाचं एक जग टेलिफोनच्या तारांवरून चालवून पाहिलं. त्यात पडद्यावर वावरणाऱ्या प्रत्येकाच्या चित्राला अवतार म्हणत. अवतरणे म्हणजे खाली उतरणे. आपल्याकडे देव उतरत असे, आता माणूस उतरतो. कोकणातल्या दशावताराला किंवा वऱ्हाडात दारोदार फिरणाऱ्या बहुरूप्याला हे समजावून सांगावं लागलं नसतं. दादासाहेब फाळक्यांच्या १९१७ च्या ‘लंकादहन’मध्ये अण्णा साळुंके हे राम आणि सीता दोन्ही झाले होते. आणि १९८७ साली दूरदर्शनवर ‘रामायण’ सुरू झालं तेव्हा रविवारी सकाळी टीव्हीला हार घालणारी माणसं मी माझ्या डोळ्यांनी पाहिली आहेत. ती माणसं खुळी नव्हती. पेटीत काचेची नळी आहे हे त्यांना माहीत होतं. तरी हात जोडले जात होते. मानसपूजा करणाऱ्या समाजाला यात नवल वाटायचं कारण नाही.

पण एक फरक आहे. टीव्हीतला राम आपल्याला उत्तर देत नाही. ही नवी जगं उत्तर देतात, कारण पलीकडे दुसरा माणूस असतो.

अशा जगांचा आरंभ बहुतेक अभ्यासक १९७८ पासून धरतात. इंग्लंडमधल्या एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल या दोन विद्यार्थ्यांनी ‘मड’ नावाचं जग लिहिलं. लिहिलं असंच म्हणतो, कारण त्यात चित्रं नव्हतीच. नुसती अक्षरं. तुम्ही एका अरुंद वाटेवर उभे आहात, असं पडद्यावर उमटायचं. तुम्ही ‘उत्तरेला जा’ असं टाइप करायचं, की पुढचं वर्णन यायचं. आपला कीर्तनकार तरी दुसरं काय करतो? उत्तररंगात तो शब्दांनी लंका उभी करतो आणि आपण तिच्यातून हिंडून येतो. फक्त इथे अनेक जण एकाच वेळी त्या लंकेत असतात आणि एकमेकांशी बोलू शकतात.

मघाशी म्हटलेल्या हॅबिटॅटची एक गंमत सांगतो. वऱ्हाडातल्या माणसाला ती पटकन कळेल. त्या जगात विक्रीची यंत्रं होती आणि गहाणाची यंत्रंही होती. चालवणाऱ्यांच्या नजरचुकीने एका ठिकाणी बाहुली ७५ टोकनांना मिळत होती आणि गावाच्या दुसऱ्या टोकाला तीच १०० ला घेतली जात होती. स्फटिकाचा गोळा १८,००० ला मिळे आणि ३०,००० ला खपे. काही जणांच्या हे लक्षात आलं. त्यांनी रात्रभर फेऱ्या मारल्या. आधी बाहुल्या, मग गोळे. सकाळी चालक उठून बघतात तर त्या जगातला एकूण पैसा एका रात्रीत पाचपट झालेला! कापसाचा इथला भाव आणि आदिलाबादचा भाव बघून रातोरात गाडी भरणारा व्यापारी आपण पाहिलेला आहे. जग खोटं असेल, पण माणसाचा स्वभाव तिथेही तोच होता.

त्याच जगात शस्त्रं असावीत की नसावीत यावर वाद झाला. एका सभासदाने, जो बाहेर खराखुरा ख्रिस्ती धर्मगुरू होता, तिथे एक पंथ काढला. अनुयायांनी शस्त्र धरायचं नाही, चोरी करायची नाही. म्हणजे बाजार आला, चोर आले, आणि पाठोपाठ पंथही आला.

दुसरा प्रसंग गंभीर आहे. १९९३ सालचा. ‘लॅम्डामू’ नावाचं असंच एक अक्षरांचं जग होतं. त्यात एका सभासदाने एक युक्ती वापरून इतरांच्या पात्रांचा ताबा घेतला आणि सर्वांदेखत त्यांच्यावर लैंगिक अत्याचार होत असल्याची वर्णनं पडद्यावर उमटवली. कुणाच्या अंगाला बोट लागलं नव्हतं. तरीही ज्या बाईच्या पात्राबाबत हे घडलं ती आपल्या घरात बसून खरोखर रडली. हे ज्युलियन डिबेल या पत्रकाराने लिहून ठेवलं आहे. मग सभा भरली. हा गुन्हा म्हणायचा का? शिक्षा कोण देणार? कायदा कुठला? निर्णय होईना. अखेर एका चालकाने स्वतःच्या अधिकारात त्या पात्राला त्या जगातून काढून टाकलं, आणि पुढे तिथे अर्ज आणि मतदानाची पद्धत आली. खेळ म्हणून जमलेल्या माणसांना ग्रामपंचायत बसवावी लागली, असं म्हणा ना.

पुढचा इतिहास तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असेल. २००३ साली ‘सेकंड लाइफ’ आलं. तिथे जमिनीचे व्यवहार होऊ लागले. २००७ साली मालदीव आणि स्वीडन या देशांनी तिथे आपले दूतावास उघडले. ‘मेटाव्हर्स’ हा शब्द नील स्टीफनसनच्या १९९२ च्या कादंबरीतला. तो २०२१ मध्ये फेसबुक कंपनीने आपल्या नावातच घेतला. आणि आपल्याकडे? २०१६ नंतर स्वस्त डेटा आला, आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत पबजी. इथे आमच्याकडे पानठेल्याच्या मागे, बसस्टँडवर, शेतातल्या मचाणावर पोट्टे मान खाली घालून बसलेले दिसू लागले. मला तेव्हा वाटायचं ही पिढी एकटी पडली. जवळ जाऊन कान दिला तेव्हा कळलं की ती पोरं सारखी बोलत होती. ‘मागून येऊन राहिला रे, पळ!’ चौघांचा संघ. एक घाटंजीला, एक नागपूरला, एक कुठे बिहारात.

आता माझ्या विषयाकडे येतो. हे सगळं खरं की खोटं?

शंकराचार्यांच्या परंपरेत सत्तेच्या तीन पायऱ्या सांगतात. पारमार्थिक, म्हणजे ब्रह्म. व्यावहारिक, म्हणजे आपलं रोजचं जग. आणि प्रातिभासिक, म्हणजे दोरीवरचा साप. मी नातवाला ‘खरा थोडाच होता’ म्हणालो तेव्हा त्याच्या मित्राला मी तिसऱ्या पायरीवर ढकललं होतं. पण प्रातिभासिकाची कसोटी काय? दिवा आणला, दोरी दिसली, की साप संपतो. मागे काही उरत नाही. संगणक बंद केल्यावर तसं होतं का? हॅबिटॅटमधला नफा सकाळी उरलाच होता. लॅम्डामूमधल्या बाईचा अपमान उरला. नातवाचं दुःख तर कितीतरी महिने उरलं. ज्याचे परिणाम दिवा लावल्यावरही जात नाहीत ते प्रातिभासिक कसं म्हणणार? माझ्या मते ही जगं व्यावहारिक सत्तेतच येतात. आपलं रोजचं जग ज्या पायरीवर, त्याच पायरीवर. तत्त्वज्ञ डेव्हिड चामर्स यांनी २०२२ च्या आपल्या ग्रंथात वेगळ्या वाटेने असाच निष्कर्ष काढला आहे, की आभासी जग हे खोटं जग नव्हे. आणि ज्ञानेश्वरांचा अमृतानुभव आठवा. अज्ञानाचं खंडन करून ते जगाकडे चैतन्याचा विलास म्हणून बघतात. जगाला माया म्हणून झटकून टाकायची सवय असलेल्या आपल्या लोकांना मराठीतच मिळालेलं हे उत्तर आहे. मी ते वर्षानुवर्षं शिकवलं आणि ऐन वेळी विसरलो.

योगवासिष्ठात लवण राजाची गोष्ट येते. दरबारात एक ऐंद्रजालिक येतो, मोराच्या पिसांचा कुंचा फिरवतो, आणि राजा बसल्या जागी निश्चल होतो. थोड्या वेळाने भानावर येतो आणि सांगतो की मी एक अख्खं आयुष्य जगून आलो. रानात भटकलो, चांडाळाच्या मुलीशी लग्न केलं, मुलं झाली, दुष्काळ पडला, सगळं गेलं. गोष्ट इथे संपली असती तर ती नुसती मायेची गोष्ट झाली असती. पण दुसऱ्या दिवशी राजा सैन्य घेऊन ते रान शोधायला निघतो. आणि विंध्याच्या परिसरात त्याला ती वस्ती खरोखर सापडते. एक म्हातारी तिथे आपल्या मुलीसाठी आणि जावयासाठी रडत बसलेली असते.

या म्हातारीवर मी वर्गात कधी थांबलो नव्हतो. मायेचा सिद्धांत सांगायचा आणि पुढच्या प्रकरणाला जायचं. पण खरा प्रश्न तीच विचारते. राजाला जे स्वप्न वाटलं, त्यात तिचा जावई मेला आहे.

नॉर्वेमध्ये असंच घडलं. स्नायूंच्या दुर्धर आजाराने चाकाच्या खुर्चीला खिळलेला एक तरुण २०१४ मध्ये वारला. आईवडिलांना वाटत होतं, पोरगं बिचारं एकटं जगलं, नुसतं खेळत बसलं. तो गेल्याची बातमी त्यांनी त्याच्या मित्रांसाठी इंटरनेटवर टाकली आणि देशोदेशींहून पत्रं येऊ लागली. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ या जगात तो इबेलिन नावाने वावरत होता. तिथे त्याने कुणाला धीर दिला होता, कुणाचं घर मोडता मोडता वाचवलं होतं. त्यातले काही मित्र अंत्यविधीला आले. त्याच्यावरचा माहितीपट २०२४ मध्ये आला आहे, जरूर बघा. राजा लवण विंध्यात गेला तसे हे आईवडील मुलाच्या मृत्यूनंतर त्याच्या जगात गेले.

या जगांची एक बाजू मला फार मोलाची वाटते. तिथे कोणी आडनाव विचारत नाही. आपल्या गावात नव्या माणसाला दुसरा प्रश्न आडनावाचा असतो, आणि तो कशासाठी असतो हे आपल्याला ठाऊक आहे. माझा नातू वर्षभर एका मुलाबरोबर राहिला आणि त्याची जात, धर्म, बापाचा पगार, काही कळलं नाही. कळावं असं दोघांनाही वाटलं नाही. पण त्याच कारणाने, तो मुलगा नाहीसा झाला तेव्हा त्याला शोधायला धागाही उरला नाही. मिळालेली मोकळीक आणि हरवलेला पत्ता, दोन्ही एकाच नावाखाली होते.

आता भविष्याचं बघू. ज्योतिष सांगत नाही. मात्र आमच्या जिल्ह्याचा एक अनुभव इथे उपयोगी पडेल. तो शकुंतलेचा.

बाहेरच्या श्रोत्यांसाठी सांगतो. यवतमाळ ते मूर्तिजापूर ११३ किलोमीटरची एक अडीच फुटी रुळांची रेल्वे होती. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वऱ्हाडचा कापूस मुंबईमार्गे मँचेस्टरकडे नेण्यासाठी एका ब्रिटिश व्यापारी घराण्याने ती बांधली. १९९४ पर्यंत तिला वाफेचं इंजिन होतं. लोक तिला शकुंतला म्हणत. मी दारव्ह्याचा. लहानपणी तिच्यातून यवतमाळला येताना शेजारून जाणारा सायकलवाला आमच्याशी गप्पा मारत यायचा. आम्हाला ती आमची वाटायची. पण देशातल्या रेल्वे सरकारी झाल्या तेव्हा हा मार्ग त्यातून सुटला, आणि मालकी स्वातंत्र्यानंतरही खासगी कंपनीकडेच राहिली. गाडी आता काही वर्षांपासून बंद आहे. ज्यांनी तिच्यात लग्नाची वऱ्हाडं नेली, बाळंतिणी नेल्या, त्यांच्या हातात तिचं काहीही नव्हतं.

आभासी जगांचं नेमकं हेच आहे. गूगलने २००८ मध्ये ‘लाइव्हली’ नावाचं जग उघडलं आणि त्याच वर्षअखेर बंद केलं. लहान मुलांचं ‘क्लब पेंग्विन’ २०१७ मध्ये बंद झालं. पबजीवर आपल्या सरकारने सप्टेंबर २०२० मध्ये बंदी घातली. त्या बंदीची कारणं होती, मी त्या वादात जात नाही. पण लाखो मुलांचं भेटायचं ठिकाण एका आदेशाने गेलं आणि त्यांना कुठे दाद मागायची हे ठाऊक नव्हतं. रॉबर्ट नोझिक यांनी १९७४ मध्ये एक प्रश्न विचारला होता. हवे ते अनुभव देणारं यंत्र मिळालं तर तुम्ही जन्मभर त्यात शिराल का? तत्त्वज्ञानाचे विद्यार्थी त्यावर अजून निबंध लिहितात. नोझिकच्या यंत्रात माणूस एकटा असतो. या जगांत माणसं एकत्र असतात, म्हणून त्याचा प्रश्न इथे पुरता लागू पडत नाही. इथला प्रश्न जास्त गावरान आहे. यंत्राचा मालक कोण, आणि तो उद्या बटण दाबेल तेव्हा आत असलेल्यांना कोण विचारणार?

फेसबुकवाल्या कंपनीने २०२२ या एका वर्षात या उद्योगावर १,३०० कोटी डॉलरहून जास्त तोटा सोसला. तो डोक्यावर चढवायचा चष्मा काही घरोघरी गेला नाही. त्यावरून ‘हे खूळ संपलं’ असं म्हणणारे आहेत. मला तसं वाटत नाही. नाव जाईल, चष्मा बदलेल. पण मुलं चष्म्याची वाट बघत थांबलेली नाहीत. साध्या फोनवरून ती कधीच तिथे राहायला गेली आहेत. तेव्हा पुढे तीन गोष्टींचा आग्रह धरावा लागेल. एक, तिथे राहणाऱ्यांना काही हक्क हवेत. निदान बंद करण्याआधी पुरेशी मुदत, आणि आपलं बांधलेलं सोबत नेण्याची सोय. दोन, तिथे आपली भाषा हवी. मराठी हवी, आणि आमच्या झरी-जामणी, मारेगावच्या पोडांवरची कोलामीसुद्धा हवी. नाहीतर तिथेही आपण पाहुणेच राहू. तीन, जिथे अजून धड रेंज येत नाही तिथल्या मुलांचं काय, हे विसरता येणार नाही. शकुंतला निदान प्रत्येक स्टेशनावर थांबत होती.

आता शेवट करतो. २०२३ च्या दिवाळीत नातू म्हणाला, ‘आबा, तुम्हाला एक दाखवायचंय.’ लॅपटॉपसमोर बसवलं, माझा एक अवतार केला, पांढऱ्या सदऱ्यातला. मला चालता येईना, सारखा भिंतीवर आपटत होतो. तो हसत होता. मग वर बघितलं तर समोर आमचं दारव्ह्याचं घर. जुने फोटो बघून त्याने बांधलेलं. वीसेक वर्षांपूर्वी ते विकलं, आता तिथे दुकानांचे गाळे आहेत. ओसरी होती, अंगणात कडुनिंब होता. फक्त माजघराचं दार उजवीकडे होतं. मी म्हणालो, दार डावीकडे होतं रे. तो म्हणाला, नक्की? आणि मंडळी, मला नक्की सांगता येईना. ते घर आता माझ्या आठवणीत जेवढं उरलं होतं, त्यापेक्षा तिथे जास्त होतं.

घराच्या मागे नदी होती. पलीकडे एक लहानशी झोपडी. ती त्या आसामच्या मुलाची. नातवाने मला पुलावरून तिथे नेलं. आत एक पेटी होती, तिच्यात त्या मुलाने जमवलेलं सामान. नातू म्हणाला, यातलं मी काही घेतलं नाही, आणि कोणाला घेऊ पण देत नाही. हे सगळं जग भाड्याच्या सर्व्हरवर आहे, माझा मुलगा दर महिन्याला पैसे भरतो. त्याची प्रत उतरवून ठेवता येते म्हणे. ती ठेवा, असं मी सांगितलं आहे.

मी नातवाला म्हणालो, ‘तेव्हा मी फोनवर चुकीचं बोललो होतो.’ मला वाटलं तो म्हणेल, कधी? पण तो म्हणाला, ‘हो आबा. बोलला होतात.’

मग त्याने उठून दोन भिंती फोडल्या आणि माजघराचं दार डावीकडे केलं.

 प्रश्न असतील तर विचारा. मला दिसत नसलात तरी ऐकू येईल.